मेन स्विच तुम्ही शेवटीच बंद केला होता

शैलाताई,

तुमच्या शोकसभेत प्राचार्य चांगले लांबलचक बोलले आणि त्यात एकदाही खोटं बोलले नाहीत. मला राग आला तो त्याचाच. वैद्य मॅडम वक्तशीर होत्या म्हणाले. होतात. कॉम्प्युटर लॅबच्या किल्ल्या इतक्या वर्षांत एकदाही हरवल्या नाहीत म्हणाले. नाहीच हरवल्या. संस्थेची वस्तू घरातल्या वस्तूसारखी सांभाळली, हेही म्हणाले. आणि हे सगळं चाललं होतं त्या हॉलच्या मागच्याच खोलीत, लोखंडी कपाटात, तुमचं सेवापुस्तक होतं. त्यात ह्याच प्राचार्यांच्या सहीचा शेरा होता, ‘कामात गंभीर निष्काळजीपणा’. मग आम्ही सगळ्यांनी दोन मिनिटं शांतता पाळली. मीही पाळली, मान खाली घालून. खांद्याला बॅग होती, आणि तुम्ही असताना द्यायचं होतं ते पत्र त्या बॅगेत होतं.

तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले. रडायला येतं तेव्हा चिडायलाही येतं, आणि चिडलो की तुमचाच आवाज ऐकू येतो, “पवळे, मुद्द्यावर या.” येतो.

मी तुमच्या कॉलेजचा माणूस नव्हतो. धायरीत दुकान, आणि कोथरूडमधल्या दोन-चार शाळा-कॉलेजांतल्या कॉम्प्युटरच्या देखभालीचं कंत्राट, एवढाच माझा पसारा. पहिल्या दिवशी लॅबच्या दारात तुम्ही मला बूट काढायला लावलेत. मी म्हणालो, “मॅडम, मी दुरुस्तीला आलोय.” तुम्ही म्हणालात, “हो ना, मग आधी पायांपासून सुरुवात करा.” दुसऱ्या खेपेला मला उशीर झाला, तर घड्याळाकडे न बघता विचारलंत, “अर्ध्या तासात येतो म्हणाला होतात, तो अर्धा तास कालचा की आजचा?” मी घरी येऊन आईला सांगितलं होतं की त्या कॉलेजात एक भयंकर बाई आहे.

भयंकर होतातच. कुठलाही कागद द्यायला ऑफिसात गेलो की परत येताना दारातच तुमचा प्रश्न, “पोच घेतलीत का?” कार्बन कॉपीवर शिक्का, आवक क्रमांक आणि सही. नसेल घेतली तर परत पाठवायचात. मी म्हणायचो, ताई, तिथे सगळी आपलीच माणसं आहेत. तुम्ही म्हणायचात, “म्हणूनच.”

आणि संध्याकाळचा तो सोहळा! तीस मशीनं. प्रत्येक मशीन स्वतः बंद करायचं, पडदा काळा होऊन पुढचा दिवा विझेपर्यंत त्याच्यासमोर उभं राहायचं, मग पुढचं. मग सगळे माऊस पुसून उलटे ठेवायचे. मी एकदा विचारलं की उलटे का? तर म्हणे पूर्वीच्या माऊसमध्ये रबरी गोळा असायचा, पोरं तो काढून खिशात घालायची, म्हणून रोज उलटा करून बघायची सवय लागली. माऊसमधला गोळा जाऊन जमाना झाला होता, सवय गेली नव्हती. सगळ्यात शेवटी मेन स्विच. त्याच्या शेजारी कॉलेजचाच कागद डकवलेला, ‘जाण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा. आदेशावरून.’ मग कुलूप, आणि ते दोनदा ओढून बघणं. मी तुम्हाला हसायचो. ह्या लेखात मला स्वतःवर बरंच चिडायचंय, त्याची सुरुवात इथून करतो.

तीसपैकी बारा मशीनं फार हळू चालायची. त्यांच्यात मीच नवीन वेगवान डिस्क बसवली आणि जुनी डिस्क दुसरी म्हणून आतच ठेवली. मुलांनी आपलं काम त्या दुसरीवर ठेवायचं, ही व्यवस्थाही माझीच. मग परदेशातल्या त्या बड्या कंपनीनं सिस्टिमचं एक मोठं अपडेट पाठवलं. आपोआप आलं, आपोआप बसलं. कोणी मागितलं नव्हतं. पुढच्याच आठवड्यात प्रात्यक्षिक परीक्षा झाली, आणि दुसऱ्या दिवशी बाहेरच्या परीक्षक फाइली उघडायला बसल्या तर बारा मशीनवरच्या शेवटच्या बॅचच्या फाइली कोऱ्या. नाव होतं, आकार होता, आत काही नाही. मुलं रडायला लागली. पालक आले. एका वडिलांनी प्राचार्यांच्या टेबलावर हात आपटला. आता कोणाची तरी मान हवी होती.

मला बोलावलं. मी मशीन उघडलं, त्याची नोंदवही पाहिली. सिस्टिम स्वतःच लिहीत असते, किती वाजता काय झालं ते. त्यात साफ लिहिलं होतं की काल संध्याकाळी वीज अचानक गेली. बाराही मशीनवर तेच. इमारतीत तर दिवे गेले नव्हते. मग मेन स्विचच पाडला ना कोणीतरी, मशीनं बंद न करता? मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसून, चहा घेत घेत, माझ्या लेटरहेडवर लिहिलं, ‘योग्य रीतीने बंद न करता मेन स्विच बंद केल्यामुळे माहिती नष्ट. कारण : हाताळणाऱ्या व्यक्तीचा निष्काळजीपणा.’ दहा मिनिटं लागली नसतील. त्यातली पाच चहाला गेली.

तुम्ही केबिनमध्ये आलात, कागद वाचलात आणि माझ्याकडे वळलात.

“मी प्रत्येक मशीन बंद करून मग स्विच बंद केला.”

“मॅडम, मशीनमध्ये नोंद आहे.”

“असेल. मी बंद केलं होतं.”

“मशीन खोटं बोलत नाही, मॅडम.”

“मग मी बोलते का?”

त्यावर मी काय केलं असेल? प्राचार्यांकडे पाहिलं. एवढंच.

दुसऱ्या दिवशी तुम्हाला मेमो मिळाला. तुम्ही दिलेला खुलासा चार ओळींचा होता आणि त्यात एक प्रश्न होता. तो प्रश्न मला आजही पाठ आहे. ‘मेन स्विच सर्व तीस मशीनसाठी एकच आहे. माझा निष्काळजीपणा बारा मशीनपुरताच कसा झाला?’ शैलाताई, त्या कॉलेजात डॉक्टरेट झालेली माणसं आहेत. संगणकशास्त्र शिकवणारे दोन प्राध्यापक आहेत. आणि मी, त्यातच आयुष्य काढलेला. एकाच्याही डोक्यात हा प्रश्न आला नाही. ज्या बाईला आम्ही प्रश्न विचारत होतो, तिनेच तो विचारला. आणि आमचं उत्तर काय, तर बाकीच्या अठरांचं नशीब. हे मी म्हणालो. माझ्या तोंडानं, शुद्धीवर असताना. ‘खुलासा समाधानकारक नाही’ असं लिहून सेवापुस्तकात शेरा पडला.

घरी जेवताना आईला हे सांगितलं. तिनं कधी कॉम्प्युटरला हात लावलेला नाही. म्हणाली, “बाई म्हंती बंद केलं, तर केलंच आसंल. तू व्हतास का तितं बघाया?” मी म्हणालो, मशीनमध्ये लिहिलंय आई. ती म्हणाली, “मशीनला काय नोकरी हाय का, जायची भीती वाटाया?” मी ताट सारून उठलो. खरं बोललं की मी उठतोच.

पुढच्या महिन्यात तुमचा फोन आला. “पवळे, शनिवारी दुपारी वेळ असेल तर या. नसेल तर वेळ काढून या.” मला वाटलं भांडण आहे. आलो. तुम्ही नुकतीच लॅब आवरली होती. सगळी मशीनं बंद, सगळे माऊस उलटे. मेन स्विच मात्र अजून चालू. तुम्ही खिडकीचे पडदे ओढलेत आणि म्हणालात, “मोजा.” अठरा माऊस काळे होते आणि बारांच्या पोटात लाल दिवा जळत होता.

त्याच बारांच्या.

मी मुकाट्याने बूट काढले होतेच, आता खाली जमिनीवर बसलो. तुम्ही म्हणालात, “मला त्यातलं कळत नाही. पण जे बंद झालंय त्याचा दिवा जळत नाही, एवढं कळतं.” इतकी वर्षं मी ज्या सवयीला हसलो त्या सवयीनं तुम्हाला हे दाखवलं. मला कुठल्याही कोर्सनं दाखवलं नव्हतं.

ते पाच शनिवार माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले शनिवार होते. हे मी तुम्हाला कधी बोललो नाही. तुमची ती फुलस्केप वही, पट्टीनं आखलेले रकाने, आणि तुमचा हट्ट की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी दोन बदलल्या की पेन खाली ठेवायचात. मशीन बंद करून मेन स्विच चालू ठेवला आणि सोमवारी उघडलं, तर फाइल शाबूत. तेच करून मेन बंद केला, तर फाइल कोरी. दुसरी डिस्क काढली, मग मेन बंद केला, तर शाबूत. दुसरी डिस्क ज्या मशीनला कधीच नव्हती त्यात लावली आणि मेन बंद केला, तरी शाबूत. मी म्हणालो, झालं, सगळं फिसकटलं. तुम्ही म्हणालात, “फिसकटलं नाही, सुटलं. हे मशीन दुसऱ्या खरेदीतलं आहे.” आणि खरंच, बारांचा मदरबोर्ड एका जातीचा होता, इतरांचा दुसऱ्या. कुठल्या मशीनची खरेदी कुठल्या सालची, हे तुम्हाला तोंडपाठ होतं. मला बिलं शोधावी लागली असती.

शेवटी कोडं उलगडलं ते असं. त्या जातीचा बोर्ड आणि आत दोन डिस्क, असं मशीन बंद करायला सांगितलं की नव्या अपडेटनंतर ते बंद व्हायचंच नाही. झोपायचं. पडदा काळा, पुढचा दिवा विझलेला, पंखा थांबलेला, माणसाला वाटावं की गेलं. पण मुलांनी शेवटी लिहिलेलं दुसऱ्या डिस्कवर उतरलेलंच नसायचं, ते मशीनच्या नुसत्या ध्यानात असायचं. वीज चालू राहिली तर दुसऱ्या दिवशी जागं झाल्यावर ते लिहून टाकायचं आणि कोणाला पत्ता लागायचा नाही. वीज तोडली की ध्यानातलं सगळं पुसलं जायचं. आणि मग सकाळी तेच मशीन नोंदवहीत लिहायचं की वीज अचानक गेली.

तुम्ही हे ऐकून घेतलंत, चष्मा काढून पुसलात आणि म्हणालात, “म्हणजे मी झोपलेल्याला मेलेला समजले. पण मला मेला म्हणून सांगितलं कोणी?”

तुम्ही स्वतः कंपनीला लिहिलंत. शब्दकोश शेजारी ठेवून, शाळेतल्या इंग्रजीत, आणि एकही चूक नसलेलं. वहीतले रकाने टाइप करून जोडले. मी म्हणालो, अशा लाखो तक्रारी येत असतील, कोणी वाचत नाही. तुम्ही म्हणालात, “न वाचणं हे त्यांचं काम असेल. लिहिणं माझं.” पहिलं उत्तर आलं त्यात तुमच्या गैरसोयीबद्दल त्यांना खेद होता. दुसऱ्यात मशीन बंद करून पुन्हा चालू करायचा सल्ला होता. तिसऱ्यात म्हटलं होतं की आमच्याकडे हा दोष आढळला नाही, सबब तक्रार बंद करत आहोत. तुम्ही वाचून दाखवलंत आणि म्हणालात, “इथे या म्हणावं. चहा देते आणि दोष दाखवते.”

आढळणार कसा? तिकडे घरी जाताना मेन स्विच कोणी बंद करतच नाही! हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी लॅबमध्ये मोठ्यानं हसलो होतो, तुम्ही नव्हतात हसलात. त्यांच्या इमारतींत दिवसरात्र वीज चालू. आपल्याकडे शाळा, बँका, तलाठ्याचं ऑफिस, सगळीकडे जाताना शेवटचा माणूस खटकन मेन पाडतो. शॉर्टसर्किटची भीती, बिलाची भीती, साहेबाची भीती. अख्ख्या देशात संध्याकाळी किती मशीनं झोपेत मारली गेली असतील, आणि दुसऱ्या दिवशी किती शैलाताईंना मेमो मिळाले असतील? त्या कोणाला माऊस उलटा ठेवायची सवय नसणार. त्या बिचाऱ्या आजही स्वतःलाच दोष देत असतील. हे आठवलं की माझं डोकं सणकतं.

तुम्ही नवा मुद्दा घालून पुन्हा लिहिलंत. त्याचं उत्तर आलं ते आपल्या सगळ्यात मोठ्या भांडणाचं कारण. ‘सिस्टिम बंद केल्यानंतर वीजपुरवठा तोडू नये अशी शिफारस आहे.’ मी म्हणालो, झालं की ताई, उद्यापासून मेन चालू ठेवा, विषय संपला. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जसं बूट घालून आत आलेल्याकडे पाहायचात. “विषय संपला? भिंतीवर आदेश लिहिलाय की बंद करा. बंद केला तर मेमो. उद्या चालू ठेवला आणि ठिणगी पडली तर मेमो कोणाला? तुम्हाला? त्यांना?” मी म्हणालो, जग असंच चालतं. तुम्ही म्हणालात, “जग मेन बंद करत नाही म्हणून मी चुकीची ठरत नाही. बंद म्हणून सांगितलं तर बंद असावं. यापेक्षा जास्त काही मागत नाहीये मी.” त्यावर मी तुम्हाला हट्टी म्हणालो. त्या शनिवारी चहा न घेता गेलो.

ते भांडण आपलं मिटलंच नाही. पुढच्या शनिवारी तुम्ही चहा पुढे केलात, मी घेतला, एवढंच. आज मिटवतो. तुमचं बरोबर होतं.

मग एक अपडेट आलं. त्याच्याबरोबरच्या लांबलचक यादीत, खालून कुठेतरी, एक ओळ होती. काही विशिष्ट हार्डवेअर रचनांमध्ये बंद करताना दुसऱ्या डिस्कवरील माहिती जतन न होण्याची अडचण दूर केली आहे. बस. क्षमा नाही, आभार नाहीत, कोणामुळे कळलं त्याचा उल्लेख नाही. मला राग आवरेना. म्हणालो, तुमचं नाव नको का घालायला ह्या लोकांनी? तुम्ही ओळ दोनदा वाचलीत. “चला, कोणीतरी विशिष्ट म्हणालं आपल्याला.” मग तीस मशीनं बंद केलीत, माऊस उलटे केलेत. एकही लाल दिवा नाही. मेन स्विच पाडून तुम्ही त्याच्यावर हात तसाच ठेवून उभ्या राहिलात थोडा वेळ. मी बघितलं नाही असं दाखवलं.

ती ओळ छापून तुम्ही शेरा काढून टाकण्यासाठी अर्ज केलात. पोच घेतलीत, अर्थातच. उत्तर आलं की मूळ तांत्रिक अहवाल देणाऱ्यानं लेखी दुरुस्ती दिल्यास विचार करता येईल. म्हणजे मी. आता ना कंपनीचा प्रश्न होता, ना मदरबोर्डाचा. पवळेनं एक कागद द्यायचा होता. निवृत्तीला तुमचे सात महिने उरले होते आणि तुम्हाला कोऱ्या पुस्तकानं घरी जायचं होतं, एवढंच.

“देतो,” मी म्हणालो. त्याच आठवड्यात टाइप केलं. पाकिटावर प्राचार्यांचा हुद्दा लिहिला. आणि बॅगेत ठेवून दीड महिना फिरलो. कंत्राटाच्या नूतनीकरणाचे दिवस होते. स्वतःच्या हातानं ‘माझा अहवाल चुकला’ लिहून देणाऱ्याला पुन्हा काम कोण देईल? नूतनीकरण झालं की लगेच देऊ. मग प्राचार्य बाहेरगावी. मग परीक्षा. कारणांची मला कधी टंचाई पडली नाही. एका शनिवारी मी टेबलाखाली घुसलो होतो आणि तुम्हाला बॅगेतला स्क्रू ड्रायव्हर द्यायला सांगितलं. तुम्ही दिलात, पण जरा वेळानं. मी विचारही केला नाही की जरा वेळ का लागला.

तुम्ही मला एकदाही आठवण केली नाहीत. प्रत्येक कागदाची पोच विचारणाऱ्या तुम्ही. मी गाढव, मला वाटलं तुम्ही सोडून दिलंत.

आणि मग तुम्ही गेलात. मला कॉलेजच्या ग्रुपवर कळलं. हात जोडलेल्या चित्रांच्या रांगेत.

शोकसभा संपल्या संपल्या मी ऑफिसात गेलो आणि ते पाकीट दिलं. आवक-जावकचे गृहस्थ म्हणाले, “ठेवा.” ठेवलं. पोच मागायची लाज वाटली. आत्ताच तुमच्या फोटोला हार घालून आलेलो, आणि शिक्का मारा म्हणून कुठे अडून बसू? बाहेर आलो. हलकं वाटलं, हेही कबूल करतो.

आठ दिवसांनी तुमची मधुरा दुकानात आली. म्हणाली, “पवळे काका, आईच्या कपाटात ही वही होती. तुमच्याच कामाची दिसते.” तीच फुलस्केप वही. पाच शनिवार, सगळे रकाने, कंपनीची सगळी उत्तरं चिकटवलेली. शेवटच्या पानावर तुमच्या अक्षरात दोन ओळी. ‘पवळ्यांनी पत्र लिहून ठेवले आहे. देतील. पोच घ्यायला सांगणे.’

तुम्ही पाहिलं होतंत पाकीट. तुम्ही थांबला होतात माझ्यासाठी. शैलाताई, तुम्ही माझ्यावर चिडायला हवं होतं हो. जगात सगळ्यांवर चिडलात, तेवढी मलाच का माफी?

दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या वेळी ऑफिसात हजर होतो.

“पत्राची पोच हवी होती. शोकसभेच्या दिवशी दिलं ते.”

“कुठलं पत्र?”

“वैद्य मॅडमच्या शेऱ्याबद्दलचं.”

त्यांनी रजिस्टरवरून बोट फिरवलं. “नोंद नाहीये.”

“मी तुमच्या हातात दिलंय.”

“अहो, नोंद नाही म्हणजे आलेलं नाही. आणि आता त्या गेल्या, आता त्याचा काय उपयोग?”

नोंद आहे म्हणजे घडलं. नोंद नाही म्हणजे घडलं नाही. आढळलं नाही म्हणजे दोषच नाही. हेच तर मीही केलं होतं, त्याच इमारतीत, चहा घेत घेत. आपला एक वाद होता ना, मशीन खोटं बोलतं की नाही? आज त्याचाही निकाल लावतो. मशीननं लिहिलं होतं, वीज अचानक गेली. ते खरंच होतं, गेली होती. निष्काळजीपणा हा शब्द मशीननं लिहिला नव्हता. तो मी लिहिला.

समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन फोनमधलं पत्र पुन्हा छापून आणलं, दोन प्रती. खिडकीशी उभा राहिलो आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. “मी, या संस्थेच्या संगणकांची देखभाल करणारा, लिहून देतो की श्रीमती शैला वैद्य यांच्याविरुद्धचा माझा अहवाल चुकीचा होता. त्यांनी सर्व मशीन योग्य रीतीने बंद करून शेवटी मेन स्विच बंद केला होता. मी पुरेशी तपासणी न करता त्यांना दोषी ठरवले. निष्काळजीपणा माझा होता.” ऑफिसातलं टायपिंग थांबलं. प्राचार्य केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. गृहस्थ म्हणाले, “अहो हळू, हळू, ऐकतोय मी.” मी म्हणालो, “ऐकू नका. शिक्का मारा.”

मारला.

कंत्राट राहील की जाईल, माहीत नाही. आईला सांगितलं तर म्हणाली, “लय येळ लावलास.” शेरा अजून तिथेच आहे. उत्तराची पंधरा दिवस वाट बघणार, तुम्ही बघायचात तशी, मग स्मरणपत्र, आणि त्याचीही पोच. तुम्ही मला शिकवलेलं आता मी त्या खिडकीवर वापरणार आहे, आणि ते लोक तुम्हाला शिव्या देतील, त्याची मला खात्री आहे.

पोचेची प्रत तुमच्या वहीत शेवटच्या पानावर चिकटवली आहे. शिक्का जरा फिका उमटलाय, पण आवक क्रमांक वाचता येतो. तुमच्या दोन ओळींखाली जागा होती. तिथे मी माझ्या अक्षरात लिहिलं, ‘घेतली.’